निबंध लिहायला लावणं सोपंय, लिहायला शिकवायचं कसं?

एका वर्षी आठवीला 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दिला होता. ६२ वह्या आल्या. त्यातल्या चाळीसेक वह्यांमध्ये पाऊस रिमझिम पडत होता, मोर पिसारा फुलवून नाचत होता आणि धरणीने हिरवा शालू नेसला होता. आता आमच्या गावात मोर नाहीत. आणि त्या वर्षी जुलै अर्धा संपला तरी पावसाचा पत्ता नव्हता, कापसाची दुबार पेरणी करावी लागते की काय या टेन्शनमध्ये याच पोरांची घरं होती, घरात दिवसभर तोच एक विषय चालू होता. पण एकाही वहीत त्यातलं अक्षर नाही.

पोरांची चूक नाहीये यात. आपण काय करतो, फळ्यावर विषय लिहितो, खाली चार मुद्दे टाकतो, उद्या लिहून आणा म्हणतो आणि मग लाल पेन घेऊन बसतो. म्हणजे लिहायला लावणं झालं, तपासणं झालं, मधलं शिकवणं राहूनच गेलं. मग पोरगं बिचारं गाईड उघडतं नाहीतर ताईची जुनी वही काढतं, दुसरं करणार काय. मी स्वतः दहा-बारा वर्षं हेच केलंय म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजते.

खाली जे लिहितेय ते पाचवी ते दहावीच्या मराठीच्या तासाला वापरून, बऱ्याचदा फसून, शेवटी टिकलेलं आहे. तासिका ३५ मिनिटांची आणि वर्गात साठेक पोरं असं धरून चाललेय, कारण वीस पोरांच्या वर्गात काय जमतं ते वाचून आपल्याला उपयोग नाही. कॉलेजवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय.

आधी सामानाची गोष्ट

एक वेगळी वही, १०० पानी, साधी. निबंधाची फेअर वही नव्हे, ती असू दे तिच्या जागी. या वहीत पहिला खर्डा उजव्या पानावर लिहायचा आणि समोरचं डावं पान कोरं सोडायचं. दुसरा खर्डा त्या डाव्या पानावर येतो, म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. खाडाखोड चालेल हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर मुली विशेषतः (हो, मुलीच) पान फाडून पुन्हा सुवाच्य लिहीत बसतात आणि अर्धा तास तिथेच जातो.

पायरी १: बोलू द्या, दहा मिनिटं

लिहायच्या आधी जोडी-जोडीने बोलायचं. विषय मोठा नको. 'माझी आई' मोठा विषय आहे, 'आई चिडते तेव्हा सगळ्यात आधी काय करते' हा लिहिता येणारा विषय आहे. 'आमचा गाव' नको, 'बाजाराच्या दिवशी स्टँडवर काय काय ऐकू येतं' हे द्या. 'माझा आवडता सण' नको, 'पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात काय चाललेलं असतं' हे द्या. ज्यांच्याकडे बैल नाहीत ती पोरं मग शेजाऱ्यांचं सांगतात, किंवा बैल विकला त्या दिवसाचं सांगतात, आणि ते जास्त चांगलं निघतं.

वर्गात गोंधळ होतो, शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन बघून जातात, होऊ द्या. एकच नियम ठेवायचा, ऐकणाऱ्याने दोन तरी प्रश्न विचारायचे. पोरं बोलताना जी वाक्यं टाकतात ना, ती लिहिताना कुठे गायब होतात हे मला आजही कळलेलं नाही. तोंडाने 'माय अशी भांडी आपटती ना मॅडम, आम्ही समजून जातो' म्हणणारी पोरगी वहीत 'माझी आई खूप प्रेमळ आहे' लिहून मोकळी. म्हणून बोलणं चालू असताना मी फिरत राहते आणि असं एखादं वाक्य कानावर पडलं की तिथेच थांबवून सांगते, हे लिही, हेच्च्या हेच लिही.

इथे बोलीचा प्रश्न येतो. आमच्याकडे निम्मी पोरं घरात अहिराणी बोलतात. पहिल्या खर्ड्यात अहिराणी आली तर येऊ द्या. 'मनी माय' लिहिलं तर आभाळ कोसळत नाही, दुसऱ्या खर्ड्यात 'माझी आई' करता येतं. पण पहिल्या ओळीलाच 'हे अशुद्ध आहे' म्हटलं की पोरगं जे तोंड मिटतं ते दहावीपर्यंत उघडत नाही. वऱ्हाडी, मालवणी, तुमच्याकडे जी असेल ती, तिलाही हेच लागू. आणि एखाद्या पात्राच्या तोंडचं बोलणं असेल तर ते शेवटपर्यंत बोलीतच ठेवायचं, 'काय करून राहिला रे' असं आजोबा म्हणाले असतील तर त्यांच्या तोंडी 'तू काय करीत आहेस' घालण्यात काही अर्थ नाही.

पायरी २: पाच मिनिटं पेन थांबवायचं नाही

बोलून झालं की लगेच, गरम असतानाच, पाच मिनिटं लिहायचं. घड्याळ लावून. या पाच मिनिटांत खोडायचं नाही, रबर नाही, 'मॅडम हा शब्द कसा लिहायचा' विचारायचं नाही, काहीच सुचेना तर 'काही सुचत नाही काही सुचत नाही' असंच लिहीत राहायचं. पहिल्या दोन आठवड्यांत तीन-चार ओळी येतात, काही पोरं खरंच पानभर 'काही सुचत नाही' लिहून दाखवतात (एकाने शेवटी लिहिलं होतं 'हात दुखायला लागला पण मॅडमची पाच मिनिटं संपेना', ते त्याचं त्या वर्षातलं पहिलं स्वतःचं वाक्य). महिन्याभरात आठ-दहा ओळी सहज होतात. आणि या लिखाणाला मार्क नाहीत, लाल पेनही नाही, हे कटाक्षाने पाळा. एकदा जरी मोडलंत तरी संपलं.

पायरी ३: खर्ड्याला प्रश्न विचारा, शेरा देऊ नका

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो म्हणून इथे जरा थांबते. नववीतल्या एका पोराचा पहिला खर्डा असा होता:

'माझे बाबा शेतकरी आहेत. ते खूप कष्ट करतात. ऊन पाऊस काही बघत नाहीत. ते आमच्यावर खूप प्रेम करतात. ते माझ्यासाठी देवासारखे आहेत.'

पूर्वीची मी असते तर 'छान, अजून विस्तार करा' असा शेरा मारून पुढची वही ओढली असती. विस्तार करा म्हणजे काय करा? पोरगं आणखी चार ओळी देवाच्या लिहिणार. या वेळी मी त्याला विचारलं, काल रात्री बाबा कुठे होते रे? तर म्हणे शेतात, रात्रीची लाईट होती. मग? मग मोटर चालू करायला गेले. किती वाजता उठले? तू जागा होतास का? आई काय म्हणाली? पायात काय घातलं होतं? हे सगळं बोलणं जेमतेम दीड मिनिटाचं. त्याला म्हटलं आता यातलं जे आठवतंय तेवढंच डाव्या पानावर लिही. आलं ते असं:

'आमच्याकडे काही दिवस रात्रीची लाईट असते. तेव्हा बाबा साडेबाराला उठतात. बॅटरी घेतात. आई झोपेतच म्हणते बूट घाला, साप किरडू असतं. बाबा हो म्हणतात आणि चपलाच घालून जातात. सकाळी ओट्यावर चपला असतात पण चिखलामुळे त्या चपला आहेत असं वाटत नाही. आई त्या धुते आणि बाबांशी बोलत नाही.'

दुसऱ्यात 'कष्ट' आणि 'प्रेम' हे दोन्ही शब्द कुठेच नाहीत, बघा. मी हे दोन्ही खर्डे (त्याला विचारून) फळ्यावर शेजारी लिहिले आणि वर्गाला विचारलं की कुठल्या खर्ड्यातले बाबा जास्त कष्ट करतात. सगळ्यांना कळलं. 'तपशील द्या, तपशील द्या' असं मी वर्षभर ओरडले असते तरी झालं नसतं ते.

तर प्रश्न विचारायचे ते असे: कधी? तिथे आणखी कोण होतं? तो नेमकं काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत सांग? तुला कसं कळलं? 'खूप' म्हणजे किती? हा शेवटचा माझा आवडता आहे, 'खूप' दिसलं की त्याच्याखाली रेघ मारायची आणि किती विचारायचं. खूप गर्दी म्हणजे किती, खूप जुनं घर म्हणजे काय झालेलं घर. दोन महिन्यांत पोरंच एकमेकांच्या वहीत 'खूप'खाली रेघा मारत फिरायला लागतात, थोडा अतिरेकही करतात.

साठ पोरांना प्रत्येकी दीड मिनिट देणं शक्य नाही हे मलाही कळतं. म्हणून सुरुवातीचे तीन-चार आठवडे सगळ्यांसमोर एकेका खर्ड्याला प्रश्न विचारून दाखवायचे, मग जोड्या करून पोरांनीच एकमेकांना विचारायचे. जोडीदाराने चुका काढायच्या नाहीत, 'छान' पण म्हणायचं नाही, फक्त तीन प्रश्न पेन्सिलीने समासात लिहायचे. सुरुवातीला ती 'तुझं नाव काय' असले प्रश्न लिहितात. धीर धरा.

पायरी ४: तुम्ही स्वतः फळ्यावर लिहा, आणि खोडा

पोरांनी आयुष्यात कधी कोणाला लिहिताना बघितलेलंच नसतं. त्यांना वाटतं पुस्तकातला धडा लेखकाच्या डोक्यातून तसाच्या तसा छापून आला. म्हणून महिन्यातून एकदा मी खडू घेऊन फळ्यावर तयारी न करता एक परिच्छेद लिहिते आणि लिहिताना मोठ्याने बोलते: 'इथून सुरुवात करू का? नको, हे सगळेच लिहितील. हे वाक्य लांबलं. हा शब्द दोनदा आला.' खोडते, बाण काढून वाक्य वर नेते. पहिल्यांदा फार लाज वाटते, खरं सांगते, आणि तयारी करून आलेला परिच्छेद तयारी नसल्यासारखा लिहिण्याचा मोह होतो. तो करू नका, पोरांना लगेच कळतं.

डोनाल्ड मरे म्हणून एक अमेरिकन पत्रकार होता, १९५४ मध्ये पुलित्झर हे पत्रकारितेचं मोठं बक्षीस मिळालेला, पुढे तो न्यू हॅम्पशायर विद्यापीठात लेखन शिकवायला लागला. त्याने १९७२ मध्ये हेच मांडलं की लेखन ही तयार वस्तू म्हणून शिकवू नका, ती होत जाणारी गोष्ट आहे, तशीच शिकवा. आपल्याकडे मात्र अजून तयार वस्तूच तपासली जाते.

पायरी ५: वाक्यं जोडायचा खेळ

व्याकरणाचं काय, असं स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारतंच. व्याकरणाला माझा विरोध नाही, मला स्वतःला समास वगैरे आवडतात. पण प्रयोग ओळखता आला म्हणून परिच्छेद लिहिता येतो असं होत नाही. अमेरिकेत १९६३ साली रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासून हेच म्हटलं होतं, की नुसतं वेगळं व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही, उलट लिहिण्याचा वेळ त्यात गेला तर नुकसानच व्हायचं.

त्यापेक्षा हे करा. फळ्यावर चार तुटक वाक्यं लिहा: पाऊस आला. आम्ही पळालो. माझं दप्तर भिजलं. आई ओरडली.

आता म्हणायचं याचं एकच वाक्य करा, कसंही. मग येतं: 'पाऊस आला म्हणून आम्ही पळालो तरी माझं दप्तर भिजलं आणि आई ओरडली.' कोणी लिहितं: 'आई ओरडली, कारण पळूनही दप्तर भिजलं होतं.' आणि शेवटच्या बाकावरून येतं: 'पळता पळता दप्तर भिजलं ते भिजलंच, वर आईपण ओरडली.' यावर बोलायचं. 'भिजलं' आणि 'भिजलंच' यात काय फरक पडला? 'वर' या शब्दाने काय केलं? आई आधी आली की गोष्ट कोणाची होते? मराठीत जोडायला किती साधनं आहेत बघा, पळून, पळताना, पळता पळता, पळाल्यावर, पळालो तरी, पळालो म्हणून, पळायच्या आत. पोरांना ही सगळी येतात, बोलताना वापरतात, पण निबंधात मात्र 'आणि' आणि 'तसेच' यापलीकडे गाडी जात नाही. आठवड्याला दहा मिनिटं हा खेळ, बास. मीही आता लांबलचक वाक्यं लिहितेय ते दिसतंय मला, त्यामुळे कधीकधी उलटाही खेळ घ्यायचा, लांब वाक्य तोडायचा.

पायरी ६: शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, आणि थोडंसंच

साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ ला वाढवलेले ४ असे एकूण १८ आहेत. ते सगळे एकदम अंगावर टाकले तर पोरं ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीने सोपे शब्दच वापरायला लागतात. मी वर्षभरात तीनच धरते.

एक, मराठी शब्दाच्या शेवटी इ-उ आला तर तो दीर्घ: मी, पाणी, पाटी, जादू, वाळू. अपवाद 'आणि' आणि 'नि', शिवाय 'परंतु', 'तथापि' असले संस्कृतातून आलेले. 'आणी' आणि 'परंतू' एवढे दोन सुटले तरी वहीतला निम्मा लाल रंग कमी होतो. दोन, शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इ-उ बहुतेक वेळा ऱ्हस्व: किडा, विळी, पिसू, नमुना. 'परीक्षा', 'पूजा' असे संस्कृत शब्द यातून बाहेर. तीन, फूल, मूल, गरीब, वकील हे दीर्घ, पण प्रत्यय लागला की फुलाला, मुलाला, गरिबाला, वकिलाला. हा तिसरा पोरांना गंमत म्हणून आवडतो, प्रत्ययाचं वजन पडलं की आधीचं अक्षर दबतं असं मी सांगते, शास्त्रीय नाही पण लक्षात राहतं.

आणि हे सगळं दुसऱ्या खर्ड्यानंतर. ज्या वाक्याला आपण उद्या काढूनच टाकणार त्याच्या वेलांट्या आज कशाला तपासायच्या.

तपासायचं कसं, म्हणजे जगायचं कसं

साधा हिशोब आहे. ६२ वह्या, एका वहीला ६ मिनिटं, म्हणजे ३७२ मिनिटं, सहा तासांच्या वर. एका वर्गाचे. त्यातून माझ्याकडे तीन तुकड्या. म्हणून सगळं तपासायचं नाही हे आधी स्वतःशी कबूल करा. मी आठवड्याला प्रत्येक तुकडीच्या पंधरा-सोळा वह्या घेते, म्हणजे महिन्यात प्रत्येकाची एकदा नीट बघून होते. त्यात दोनच गोष्टी लिहायच्या. एक, कुठलं वाक्य आवडलं त्याच्याखाली रेघ मारून 'इथे मला ओटा दिसला' असं काहीतरी नेमकं. दोन, एक प्रश्न. शुद्धलेखनाच्या त्या महिन्यात धरलेल्या एका नियमाच्या चुकांना फक्त समासात टिंब, दुरुस्ती पोराने करायची.

वर्षाला चार निबंधांऐवजी दोनच, पण प्रत्येकाचे दोन-तीन खर्डे, असं करून बघा. पहिल्या वर्षी मला वह्यांत लाल शाई कमी दिसते म्हणून बोलणी खावी लागली, वरून तपासणीला आलेल्यांनी विचारलं की मॅडम तुम्ही वह्या तपासत नाही का. त्यांना शेजारी शेजारी दोन खर्डे दाखवले. त्यांनी खालचे शेरे मोजले आणि सही करून गेले, पटलं की नाही माहीत नाही. तुमच्याकडे असं होणार असेल तर फेअर वही नियमाप्रमाणे लाल करून ठेवा आणि खरं काम त्या १०० पानी वहीत करा, भांडत बसू नका.

दहावीचं काय?

पालक हेच विचारतात आणि ते बरोबरच आहे. दहावीच्या कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. ६ पत्र किंवा सारांश, १० जाहिरात-बातमी-कथा यातल्या कोणत्याही दोन, आणि ८ लेखनकौशल्य, म्हणजे प्रसंग, आत्मकथन किंवा वैचारिक. साचा पाठ करून यातले बरेच गुण पदरात पडतात, खोटं कशाला बोलू. पण साचा एका तासात शिकवून होतो, उरलेलं वर्ष काय करणार?

पत्र खरं लिहा आणि खरं पाठवा. आमच्या शाळेच्या रस्त्यावरचा दिवा बंद होता, पोरांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'आमच्या परिसरातील दिवे बंद असल्याने गैरसोय होत आहे, तरी कृपया योग्य ती कार्यवाही करावी'. कुठला परिसर? कुठला दिवा? तिघे जाऊन बघून आले. मग पत्रात आलं, 'शाळेच्या फाटकापासून तिसरा खांब, पिठाच्या गिरणीसमोर'. एकीने घातलं की संध्याकाळच्या जादा तासानंतर सातवीच्या मुली तिथून जातात. पत्र द्यायला गेले तेव्हा दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्यायचा असतो हे त्यांना तिथे समजलं, आणि तो शिक्का वर्गभर फिरला. दिवा लागायला दिवाळी उजाडली हा भाग वेगळा. मधे एक स्मरणपत्रही लिहून झालं, म्हणजे आणखी एक पत्राचा प्रकार आपोआप झाला.

बातमीसाठी पोरांना वहीपेन देऊन शाळेतल्याच कार्यक्रमाला बसवा आणि पहिल्याच परिच्छेदात कोण, काय, कुठे, कधी आलं पाहिजे एवढंच सांगा. 'मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन' यापुढे बातमी सरकत नाही तेव्हा विचारा, लोक घरी जाऊन काय सांगतील? तिथून सुरुवात करा. सारांश एक तृतीयांश करायचा असतो, तर पोरं उताऱ्यातली तिसरी-तिसरी ओळ उचलतात. उपाय सोपा आहे, उतारा दोनदा वाचा, पुस्तक बंद, शेजाऱ्याला तोंडी सांगा, मग पुस्तक न उघडता लिहा. जाहिरातीबद्दल काही सांगत नाही, ती पोरांना आपल्यापेक्षा चांगली येते.

आत्मकथनाबद्दल एकच. 'मी फाटकं पुस्तक बोलतोय' मध्ये सगळी पुस्तकं रडतात. वर्गातलं खरं फाटकं पुस्तक टेबलावर ठेवा. कुठल्या पानावर डाग आहे, कोणाचं नाव खोडून कोणी लिहिलंय, कुठे मिशा काढल्यात. मग लिहू द्या.

ज्युनिअर कॉलेज आणि पुढे

बारावीच्या युवकभारतीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख असे भाग आहेत, घटक म्हणून ते उत्तम आहेत, पण बहुतेक ठिकाणी 'मुलाखतीची पूर्वतयारी कशी करावी' याचे मुद्दे पाठ होतात आणि मुलाखत कोणीच घेत नाही. कॅन्टीनवाल्याची घ्या, ग्रंथालयातल्या दादांची घ्या. दहा प्रश्न तयार करायचे आणि त्यात नसलेला, न ठरवलेला असा अकरावा प्रश्न कुठला निघाला ते लिहून आणायचं. अहवालासाठी एनएसएसचा कॅम्प हातातच असतो, पण मागच्या वर्षीच्या अहवालातलं गावाचं नाव बदलून काम भागतं, म्हणून कॅम्प चालू असतानाच रोज रात्री दहा ओळींची नोंद लिहून घ्या, नंतर आठवून नाही.

डिग्रीला आता नवीन प्रश्न म्हणजे चॅटजीपीटी. प्रोजेक्टमध्ये प्रत्येक गोष्ट 'महत्त्वाची भूमिका बजावत' असली आणि प्रत्येक परिच्छेद 'थोडक्यात' ने संपत असला की ओळखू येतं, पण ओळखून भांडण्यात जीव जातो. माझ्या ओळखीतल्या एका प्राध्यापिकेने वेगळंच केलं, ते मी उचललं. तिने मुलांसमोरच चॅटजीपीटीला 'आमच्या गावचा आठवडे बाजार' यावर लिहायला सांगितलं, प्रिंट काढून वाटली आणि म्हणाली यात खोटं काय आहे ते शोधा. पोरं पेटली. आमच्या बाजारात फुलांची दुकानं नाहीतच, बाजार रविवारी नसतो, 'ताज्या भाज्यांचा दरवळ' कुठला, तिथे सुक्या बोंबलाचा वास असतो. मग म्हणाली, आता तुम्ही लिहा. त्या खर्ड्यांत वास होताच, शिवाय भावाची घासाघीस होती आणि उधारीही होती. बाकी पहिला खर्डा वर्गात, हाताने, आणि प्रोजेक्ट जमा करताना पाच मिनिटं तोंडी, 'हे वाक्य तू का ठेवलंस', एवढं केलं तरी बरंच भागतं.

शेवटची पायरी: कोणीतरी वाचलं पाहिजे

फक्त मॅडम वाचणार असतील तर पोरं मॅडमसाठी लिहितात, म्हणजे मोर आणि शालू परत आले. अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक रोज हाताने लिहून काढायचे. रोज! आपल्याला पंधरा दिवसांतून एकदा एक भित्तिपत्रक काढायला काय हरकत आहे. दोन कार्डशीट, डिंक, आणि लिखाण पोरांच्याच अक्षरात. निवड दर वेळी वेगळ्या पाच पोरांनी करायची, हुशार पाच नव्हे, हजेरीच्या क्रमाने. लावायचं ऑफिसच्या बाहेर, जिथे लोकांना थांबावं लागतं तिथे.

त्या चपलांवाल्या पोराचा परिच्छेद तिथे लावला होता. त्याचे बाबा बोनाफाईड घ्यायला आले, क्लार्क जेवायला गेलेला, म्हणून भिंतीवरचं वाचत उभे राहिले. मी लांबून बघत होते, म्हटलं आता डोळ्यात पाणीबिणी येतंय की काय. तर जवळ येऊन म्हणाले, मॅडम, लाईट साडेबाराला नाही, पावणेबाराला येते, मी साडेअकरालाच उठतो, पोराला नीट लिहायला सांगा. दुसऱ्या दिवशी त्याने मधल्या सुट्टीत स्टूल घेऊन भिंतीवरच पेनने खोडून दुरुस्ती केली.